‘माझी आस्था पाहा’: मत्सर, ईर्ष्या आणि देवाविषयीचा आवेश

बंधुभगिनींनो, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा दहावा अध्याय उघडा. इस्राएलाचा राजा अहाब याचं घराणं उलथून गादीवर आलेला येहू रथात बसून राजधानी शोमरोनकडे निघाला आहे. वाटेत त्याला रेखाबाचा पुत्र यहोनादाब भेटतो. येहू त्याला हात देऊन रथात घेतो आणि म्हणतो, ‘माझ्याबरोबर चल, परमेश्वराविषयी मला किती आस्था आहे ते पाहा.’ देवासाठी पेटून उठलेली माणसं पवित्र शास्त्रात पुष्कळ आहेत. आपला आवेश बघायला कुणाला तरी बरोबर नेणारा मात्र हा येहू. पुढे तो बआल या परक्या दैवताच्या उपासकांना खोट्या सणाचं निमित्त करून मंदिरात गोळा करतो, बाहेर ऐंशी माणसं उभी करतो, आत गेलेल्यांची कत्तल करवतो आणि मंदिर पाडून तिथे शौचकूप करतो.

या कामावर शास्त्र दोन निर्णय देतं आणि दोन्ही तसेच ठेवतं. अहाबाच्या घराण्याचा नाश केल्याबद्दल येहूला चार पिढ्यांचं राज्य मिळतं. सुमारे शतकभराने होशेय संदेष्टा सांगतो की इज्रेल येथे सांडलेल्या रक्ताबद्दल परमेश्वर येहूच्याच घराण्याचं शासन करणार आहे. असं का? त्याच दहाव्या अध्यायात एक ओळ आहे, तिच्यावरून आपण घाईने पुढे जातो. येहूने बआल नष्ट केला, पण बेथेल आणि दान इथली सोन्याची वासरं ठेवली. ती उत्तरेच्या इस्राएल राज्याचा पहिला राजा यराबाम याने का उभी केली होती ते पहिल्या राजांच्या बाराव्या अध्यायात सरळ लिहिलं आहे: लोक उपासनेला यरुशलेमेत जाऊ लागले तर त्यांचं मन यहूदाच्या राजाकडे वळेल आणि आपली गादी जाईल, ही भीती. बआलाचं मंदिर हे उलथून टाकलेल्या राजघराण्याचं होतं, ते पाडल्याने येहूची गादी बळकट झाली. वासरं पाडली असती तर ती डळमळली असती. त्याचा आवेश जिथे थांबला, नेमकी तिथेच त्याच्या फायद्याची हद्द सुरू होत होती.

एखाद्याचा आवेश जोखायचा असेल, स्वतःचा तर नक्कीच, तर तो किती तापला आहे हे बघून काही कळत नाही. तो कुठे थंड पडतो हे बघावं.

आता थोडं व्याख्यांविषयी. जुन्या कराराच्या हिब्रूत आणि नव्या कराराच्या ग्रीकमध्ये ईर्ष्या आणि आवेश (वरच्या वचनातली ‘आस्था’ही तीच) यांना मुळात एकच शब्द आहे. प्रेषित पौल तोच शब्द गलतीकरांच्या पत्रात देहाच्या कर्मांच्या यादीत घालतो आणि करिंथकरांना स्वतःविषयी अभिमानाने वापरतो. एवढ्यावरून कुणी असं समजू नये की दोन्ही गोष्टी सारख्याच. उष्णता एक आहे, ती कशाला लागली आहे यावर सगळं अवलंबून.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ईश्वरविज्ञानाच्या पंडिताने हे सर्वांत नेमकेपणाने मांडलं. आवेश म्हणजे काय? प्रीतीची तीव्रता. तीव्र प्रीती आपल्या आड येणाऱ्या गोष्टीला दूर सारते. प्रीती जर ‘मला हे हवं’ या जातीची असेल, तर आड येणारा म्हणजे माझ्या उपभोगात वाटेकरी होणारा किंवा माझ्याहून वर जाणारा. त्याच्यावर रोख धरला की ती ईर्ष्या किंवा हेवा. प्रीती जर मैत्रीच्या जातीची असेल, म्हणजे ‘त्याचं भलं व्हावं’ अशी असेल, तर त्याच्या भल्याच्या आड जे येईल त्याच्याशी माझं वैर; हा आवेश. म्हणून मत्सर हा नेहमी प्रीतीचा अभाव असतो असं म्हणणं अर्धवट आहे. प्रीती असते, पण ती स्वतःकडे वळलेली असते.

दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहून होणाऱ्या दुःखाचे तो चार प्रकार करतो. पापनिवेदन ऐकणाऱ्याने आणि समुपदेशन करणाऱ्याने हे पाठ करावेत असं माझं मत आहे, कारण चुकीचं नाव दिलं की उपायही चुकतो. पहिला प्रकार: शत्रूला अधिकार मिळाला आणि तो आता मला किंवा इतरांना छळेल म्हणून वाटणारं दुःख. ही भीती आहे, मत्सर नव्हे. दुसरा: त्याच्याकडे सद्गुण आहे, माझ्याकडे नाही, म्हणून वाटणारी खंत. ही चांगली, हाच चढाओढीचा निकोप आवेश. तिसरा: नालायकाला मिळालं म्हणून वाटणारा संताप. इथे अक्वायनस सावध करतो, कारण ऐहिक संपत्ती कुणाला का मिळते हे देवाच्या न्यायात आपल्याला दिसत नाही. त्र्याहत्तराव्या स्तोत्राचा कर्ता याच निसरड्या जागी उभा होता: दुष्टांचा उत्कर्ष पाहून पाय घसरायच्या बेतात आले होते असं तो स्वतः सांगतो. चौथा: त्याचं चांगलं झालं एवढ्यानेच मी कमी झालो, असं वाटून होणारं दुःख. खरा मत्सर हा. यात त्याने माझं काही घेतलेलं नसतं. मला ती वस्तू हवी असतेच असंही नाही. त्याच्याकडे ती नसावी, एवढंच हवं असतं.

इस्राएलाचा राजा शौल याचं उदाहरण या चौथ्या प्रकाराचं. दावीदाने गल्याथाला मारलं त्यात शौलाचं राज्य वाचलं. फायदा कुणाचा झाला? शौलाचाच. पण स्त्रियांच्या गाण्यात शौलाच्या वाट्याला हजार आले, दावीदाच्या वाट्याला लाख; आणि त्या दिवसापासून शौलाची नजर दावीदावर राहिली. हिशेब गाण्याचा होता, युद्धाचा नव्हता.

यहोवा ‘ईर्ष्यावान देव’ आहे, हे निर्गम २०:५ आणि ३४:१४ मधलं वाक्य अनेकांना टोचतं, आणि टोचायला हवंच. पण वरची कसोटी लावून पाहा. इस्राएलाने मूर्तींकडे वळल्याने देवाचं काय कमी होतं? काही नाही. कमी होतं ते इस्राएलाचं. करार मोडणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून करार करणारा पेटून उठतो, ही ती ईर्ष्या. देवाने निर्माण केलेलं देवाचं आहे. एका माणसाचं दुसरा माणूस असा कधीच होत नाही. म्हणून ‘देवही ईर्ष्यावान आहे’ हे वाक्य नवऱ्याने बायकोच्या बाबतीत, पालकाने लेकराच्या बाबतीत किंवा पाळकाने मंडळीच्या बाबतीत ढालीसारखं पुढे करणं हा शास्त्राचा गैरवापर आहे. मी हे मुद्दाम ठासून सांगतो, कारण घरातला संशय धार्मिक भाषा फार पटकन उचलतो.

कुणी म्हणेल, पौलाने तर २ करिंथ ११:२ मध्ये स्वतःच ‘ईश्वरप्रेरित’ ईर्ष्या सांगितली आहे. ते वचन पूर्ण वाचा. मी तुमची एका पतीशी, ख्रिस्ताशी, मागणी केली आहे. शुद्ध कुमारी म्हणून तुम्हाला त्याच्यापुढे उभं करायचं आहे. पौल स्वतःला या चित्रात नवऱ्याच्या जागी ठेवत नाही. मुलगी दुसऱ्याच्या घरी सुखरूप पोहोचवणाऱ्या बापाच्या जागी तो आहे. त्याची ईर्ष्या यशस्वी झाली तर करिंथकर पौलाचे होणार नाहीत, ख्रिस्ताचे होतील. जो पाळक ‘माझी मंडळी’ म्हणताना दुसऱ्या उपदेशकाच्या सभेला गेलेल्यांची नावं मोजतो, त्याने हे वचन स्वतःसाठी वापरू नये.

गणनेच्या पाचव्या अध्यायातला ईर्ष्येचा विधीही इथे पाहण्यासारखा आहे. नवऱ्याला संशय आला, साक्षीदार नाही. त्याने काय करायचं? बायकोला याजकाकडे न्यायचं. अर्पण सातूच्या पिठाचं, एफाचा दहावा भाग, म्हणजे अदमासे दोन लिटर. त्यावर तेल नाही, ऊद नाही. मातीच्या भांड्यात पवित्र पाणी, त्यात निवासमंडपाच्या जमिनीवरची धूळ. शापाची वचनं लिहून ती त्या पाण्यात धुऊन टाकायची आणि ते पाणी तिने प्यायचं. पाणी, धूळ आणि शाई: यांत जीव घेणारं काही नाही. जलपरीक्षेत किंवा अग्निपरीक्षेत चमत्कार झाला तरच माणूस वाचतो. इथे दोषी ठरण्यासाठीच देवाला हात घालावा लागतो. आणि निकाल लागेपर्यंत नवऱ्याने स्वतः काहीही करायचं नाही. संशय त्याच्या हातून काढून घेतला जातो. हा विधी एकतर्फी आहे, बायकोला संशय आला तर तिच्यासाठी असा विधी नाही, हे आजच्या वाचकाला खटकतं आणि ते खटकणं रास्त आहे. तरी संशयिताचा न्याय संशय घेणाऱ्याने करू नये, एवढी गोष्ट त्या काळातही बांधून टाकलेली दिसते.

आता मंडळीतल्या मत्सराकडे येऊ. चौथ्या शतकातल्या इव्हाग्रियसने साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली, त्यात मत्सर नाही. तो यादीत आणला पोप ग्रेगरीने, म्हणजे ५९० ते ६०४ या काळात रोमच्या आसनावर असलेल्या पहिल्या ग्रेगरीने. इव्हाग्रियस वाळवंटातल्या एकांतवासीयांसाठी लिहीत होता, ग्रेगरी मठ आणि मंडळ्या सांभाळत होता. माणसं एकत्र काम करू लागली की हा दोष डोकं वर काढतो, असा मी त्याचा अर्थ लावतो. ग्रेगरीने मत्सराच्या पाच लेकी सांगितल्या: द्वेष, कुजबुज, बदनामी, दुसऱ्याच्या संकटात आनंद आणि त्याच्या भरभराटीत दुःख. अक्वायनस त्यांना क्रमाने लावतो. सुरुवातीला दुसऱ्याचं नाव कमी करण्याचा प्रयत्न, गुपचूप केला तर कुजबुज, उघड केला तर बदनामी. मधल्या टप्प्यात, प्रयत्न साधला तर त्याच्या पडण्याचा आनंद, न साधला तर त्याच्या उभं राहण्याचं दुःख. शेवट द्वेषात.

हा क्रम कामाचा आहे. मत्सर मनात असताना ओळखू येत नाही. तो स्वतःला तत्त्वनिष्ठा म्हणवतो. पण पहिली लेक ऐकू येते. ‘प्रार्थनेत आठवण ठेवा म्हणून सांगतो, बाकी कुठे बोलू नका’ असं म्हणून एखाद्याचा दोष सांगितला जातो तेव्हा कुजबुज सुरू झालेली असते. दोष खरा असला तरी. गरज नसताना दुसऱ्याचा खरा पण झाकलेला दोष उघड करणं हेही पाप आहे असं ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट सांगते. खोटा दोष लावला तर ती निंदा, आणखी जड.

करिंथ हे यातलं सगळ्यात चांगलं नोंदलेलं प्रकरण आहे. पौल पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात त्यांना विचारतो: तुमच्यात हेवा आणि कलह असताना तुम्ही देहाचे नाही का? एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा. सुमारे चाळीस वर्षांनी, इसवी सन ९६च्या आसपास, रोमहून क्लेमेंतच्या नावे ओळखलं जाणारं पत्र त्याच मंडळीला जातं, कारण तिथल्या काहींनी मंडळीच्या निर्दोष वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, पदावरून काढलं आहे. पत्राच्या सुरुवातीच्या अध्यायांत हाबेल, याकोब, योसेफ अशी मत्सराच्या बळींची रांग उभी केली आहे आणि तिच्या शेवटी पेत्र आणि पौल आहेत. मत्सराने प्रेषितांचा जीव घेतला, असं पत्र म्हणतं. पौलाचं पत्र जपून ठेवणाऱ्या मंडळीतच तोच रोग उलटला, हे विसरू नये. कार्थेजच्या मंडळीचा अध्यक्ष (बिशप) सिप्रियन, २५८ साली जो विश्वासासाठी जीव देऊन रक्तसाक्षी झाला, त्याने कारण नेमकं पकडलं होतं: बाकीच्या पापांना कुठेतरी शेवट असतो, कृत्य झालं की ती संपतात, मत्सराला मर्यादा नाही, कारण ज्याचा हेवा वाटतो तो माणूस जोवर सुखी आहे तोवर आग विझत नाही.

एक प्रकार मात्र सहज सुटतो, कारण तो स्वतःसाठी नसतो. गणनेच्या अकराव्या अध्यायात एल्दाद आणि मेदाद हे दोघे छावणीतच देवाचा संदेश देऊ लागतात. मोशेचा सेवक यहोशवा म्हणतो, ‘मोशे, माझ्या स्वामी, त्यांना मना करा.’ मोशे विचारतो, तू माझ्या वतीने हेवा करतोस काय? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरं! बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य त्याच्याकडे अशीच तक्रार घेऊन येतात की आता सगळे येशूकडे जात आहेत, आणि योहान म्हणतो, त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा, हे अवश्य आहे. दोन्ही ठिकाणी गुरू मोकळा आहे, शिष्य अडकला आहे. गुरुभक्तीच्या नावाने केलेला हेवा शोधायला अवघड, कारण त्यात स्वार्थ दिसत नाही. पण गुरूचं मोठेपण हीच शिष्याची मिळकत असते.

मार्काच्या नवव्या अध्यायात हे आणखी उघडं पडतं. येशूचा शिष्य योहान त्याला सांगतो की तुमच्या नावाने भुतं काढणारा एक जण आम्ही पाहिला आणि त्याला मना केलं, कारण तो आपल्याबरोबर फिरत नव्हता. कारण ‘आपल्याबरोबर’, ‘तुमच्याबरोबर’ नव्हे. आता अध्यायाची सुरुवातीची पानं पाहा. काही वेळापूर्वी याच शिष्यांना एका मुलातला अशुद्ध आत्मा काढता आलेला नव्हता, आणि नंतर वाटेत आपल्यात मोठा कोण यावर त्यांची वादावादी झाली होती. जे काम त्यांना जमलं नाही तेच एका परक्याला जमत होतं. त्याला थांबवण्याचं कारण त्यांनी शिस्तीचं दिलं.

आवेश बिघडतो तो असा मत्सर मिसळून, पण तेवढ्यानेच नाही. ज्ञानाशिवायही बिघडतो. रोमकरांना लिहिताना पौल आपल्याच लोकांविषयी साक्ष देतो की त्यांना देवाविषयी आस्था आहे, पण ती यथार्थ ज्ञानाला धरून नाही. तो हे अनुभवाने बोलतो. फिलिप्पैकरांना लिहिताना स्वतःची जुनी पात्रता मोजतो त्यात ‘आस्थेविषयी म्हणाल तर मंडळीचा छळ करणारा’ हेही येतं. तिथे त्याला शंका नव्हती. शंका नसणं हे आवेश शुद्ध असल्याचं लक्षण मुळीच नाही. आरंभीच्या मंडळीला हे कळत होतं. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये एल्विरा इथे भरलेल्या परिषदेच्या साठाव्या नियमाने ठरवलं की कुणी मूर्ती फोडली आणि त्यामुळे जागीच मारला गेला, तर त्याला रक्तसाक्ष्यांच्या यादीत घेऊ नये. शुभवर्तमानात असं कुठे लिहिलेलं नाही आणि प्रेषितांनी असं कधी केलेलं नाही. छळ सुरू असलेल्या किंवा नुकताच सोसलेल्या मंडळीचा हा नियम आहे, हे लक्षात घ्या. जीव देणाऱ्यालाही तिने विचारलं: कशासाठी?

एलीया संदेष्ट्याची गोष्ट वेगळी आणि जास्त जवळची. होरेब डोंगरावर तो दोनदा म्हणतो, मी परमेश्वरासाठी फार आवेशाने वागलो, आणि मी एकटाच उरलो आहे. देव वाद घालत नाही. त्याला पुढची कामं देतो, त्यात अलीशाला आपल्या जागी अभिषेक करण्याचं काम आहे, आणि जाता जाता सांगतो की इस्राएलात बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत. थकलेला आवेश नेहमी स्वतःला एकटा मोजतो. त्याला उपदेशाची गरज नसते, आकडा सांगण्याची असते. आणि बऱ्याचदा झोप आणि भाकरीची, जी पहिल्या राजांच्या त्याच एकोणिसाव्या अध्यायात आधीच दिलेली आहे.

मग येशूने मंदिरात केलं ते काय? योहानाच्या दुसऱ्या अध्यायात दोऱ्यांचा कोरडा आहे, मेंढरं आणि गुरं बाहेर काढणं आहे, सराफांचा पैसा ओतणं आणि चौरंग पालथे करणं आहे. कबुतरं विकणाऱ्यांना मात्र तो तोंडी सांगतो, हे इथून काढा. कुणी जखमी झाल्याची नोंद नाही. शिष्यांना आठवतं ते एकोणसत्तरावं स्तोत्र: तुझ्या मंदिराविषयीचा आवेश मला ग्रासून टाकील. मला, त्यांना नव्हे. आणि मार्क ११:११ मध्ये एक तपशील आहे: आदल्या संध्याकाळी येशू मंदिरात आला, त्याने सभोवार सगळं पाहिलं, आणि उशीर झाल्याने बेथानीला निघून गेला. चौरंग दुसऱ्या दिवशी पालथे झाले. तो जे पाहून संतापला, त्याच्यावर त्याने एक रात्र जाऊ दिली.

योहानाच्या त्याच वचनावर बोलताना ऑगस्टीनने आवेशाची व्याख्या केली आहे, ती मला अजून कुठे इतकी उपयोगी सापडलेली नाही: वाईट दिसलं तर ते सुधारायची धडपड करायची, सुधारता आलं नाही तर सोसायचं आणि कण्हायचं. दुसरा अर्धा भाग गाळला की पहिला अर्धा हिंसक होतो. क्रुसाचा संत योहान, सोळाव्या शतकातला स्पॅनिश संन्यासी, नवशिक्या साधकांमध्ये हाच दोष दाखवतो: इतरांच्या पापांवर ते अस्वस्थ आवेशाने चिडतात, टेहळणी करतात, आणि सद्गुणाचे मालक आपणच आहोत असं वागतात. तो याला आवेशाच्या प्रकरणात घालत नाही. रागाच्या घालतो.

आता करायचं काय, ते पाहू. आवेश आला की प्रथम नेमकं कोणतं भलं व्हायला हवं ते एका वाक्यात लिहावं, त्यात स्वतःचं नाव येऊ द्यायचं नाही. मग तेच भलं तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या हातून, तुमचा उल्लेखही न होता झालं असं समजा. वाक्य अजून हवंसं वाटतं का? पौलाला तुरुंगात ही परीक्षा खरोखरच द्यावी लागली. फिलिप्पै १:१५-१८ मध्ये तो सांगतो की काही जण हेव्याने आणि वैरभावाने ख्रिस्ताची घोषणा करतात, माझ्या बंधनात भर घालायला. त्याचं उत्तर: कसंही असो, ख्रिस्ताची घोषणा होते, यात मी आनंद करतो. मनात टोचणीच राहणार नाही अशी अपेक्षा मात्र धरू नये. टोचणी म्हणजे पाप नव्हे. तिला संमती देऊन तिच्या बाजूने पहिलं वाक्य बोलणं, तिथून पाप सुरू होतं.

दोष दाखवायचाच असेल तर मत्तय १८:१५-१७ चा क्रम: आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. मत्सर हा क्रम उलटा चालतो. स्वतःला एकच प्रश्न विचारावा: त्याला सांगण्याआधी मी हे कुणाकुणाला सांगितलं आहे? पण इथे एक धोका आहे, तो स्पष्ट सांगायला हवा. मुलांवर किंवा दुर्बलांवर अत्याचार, मारहाण, मंडळीच्या निधीचा अपहार अशा गोष्टींत ‘आधी एकांतात भेट’ हे सांगणं म्हणजे अपराध्याला वेळ देणं. तिथे लगेच योग्य अधिकाऱ्यांकडे जावं. तसंच तक्रार करणाऱ्याला ‘तुला मत्सर वाटतो’ म्हणून गप्प बसवणं हीही जुनी युक्ती आहे. अक्वायनसचे चार प्रकार इथे पुन्हा हाताशी धरावेत: अन्यायाने किंवा धोक्याने होणारं दुःख मत्सर नाही.

ज्याचा हेवा वाटतो त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी, हा उपाय सगळेच सांगतात. तो फसतो तो असा की प्रार्थना त्याच्या ‘सुधारण्यासाठी’ होऊ लागते. त्याला जे मिळाल्याने तुम्हाला दुखलं, तेच त्याला आणखी मिळावं असं मागा. सुरुवातीला शब्द नुसते ओठांवर राहतील, हरकत नाही. मग त्याचं जे खरोखर चांगलं आहे ते एका तिसऱ्या माणसाला सांगा, फुगवून नको. अतिशयोक्त स्तुतीत मत्सर आरामात लपतो. ग्रेगरी पाळकांना सांगतो की दुसऱ्यातलं जे आपल्याला जमत नाही, पण आवडतं, तेही आपलंच होतं, कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत. ही नुसती समजूत घालणं नाही. अवयवांच्या हिशेबात तो खरंच तुमच्यासाठी पाहतो किंवा ऐकतो आहे.

पापनिवेदनात ‘मी मत्सर केला’ एवढं पुरत नाही. कुणाकडे काय बोललात? बदनामी केली असेल तर ज्यांच्यापुढे केली त्यांच्यापुढे भरपाई करावी लागते. खोटं सांगितलं असेल तर परत घ्यावं लागतं, खरा दोष सांगितला असेल तर त्या माणसाचं जे चांगलं आहे ते तितक्याच कानांपर्यंत पोहोचवावं लागतं. ज्याचा मत्सर केला त्याच्याकडे जाऊन ‘मला तुमचा हेवा वाटत होता’ असं सांगू नका, निदान त्याला काही माहीत नसेल तर. त्याने त्याचं काही बरं होत नाही, उलट तुमचं ओझं त्याच्या खांद्यावर जातं, आणि त्याने तुमचं कौतुक करावं अशी एक अपेक्षाही त्यात दडलेली असते.

आवेशच नको, कशाला भानगड, असं म्हणणाऱ्यांना प्रकटीकरणाचा तिसरा अध्याय आहे. लावदिकीयाच्या कोमट मंडळीला आज्ञा होते: आस्था बाळग आणि पश्चात्ताप कर. संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीतला बहात्तरावा अध्याय चांगल्या आवेशाला वाहिलेला आहे आणि तो एका पानाहून मोठा नाही: एकमेकांना मान देण्यात पुढे सरावं, शरीराचे आणि स्वभावाचे दुबळेपणा अत्यंत सहनशीलतेने सोसावेत, स्वतःच्या हिताचं नव्हे, दुसऱ्याच्या हिताचं पाहावं. मठाधिपतीविषयी त्याच नियमावलीचा चौसष्टावा अध्याय म्हणतो, तो ईर्ष्याळू आणि फार संशयी नसावा, नाही तर त्याला कधी स्वस्थता मिळणार नाही.

पुढाऱ्यांनी काय करावं याचा नमुना प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते. प्रेषितांनी ‘हेवा करू नका’ असा उपदेश केला नाही. त्यांनी मंडळीला सात जण निवडायला सांगितलं, आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. पंगतीची सेवा त्यांना, वचनाची सेवा प्रेषितांना, अशी विभागणी होती. ती टिकली नाही. पुढच्याच अध्यायात स्तेफन यरुशलेमेच्या सभेपुढे इतका मोठा उपदेश करतो की त्या पुस्तकात तेवढा दुसरा नाही, आणि आठव्या अध्यायात फिलिप्प शोमरोनात जाऊन सुवार्ता सांगतो. प्रेषितांनी नेमून दिलेल्या हद्दीबाहेर, प्रेषितांशिवाय, मोठा समुदाय विश्वास ठेवतो. यरुशलेमेहून दोघांना तिकडे पाठवलं जातं: पेत्र आणि योहान. हा तोच योहान ज्याने आपल्यात नसलेल्या माणसाला मना केलं होतं, आणि लूकच्या नवव्या अध्यायात शोमरोन्यांच्या गावावर आकाशातून अग्नी पडावा काय असं विचारून येशूकडून धमकावणी घेतली होती. फिलिप्पाच्या कामात ते दोष काढत नाहीत. नव्या विश्वासणाऱ्यांसाठी प्रार्थना करतात, त्यांच्यावर हात ठेवतात, आणि परतताना शोमरोन्यांच्या पुष्कळ गावांत सुवार्ता सांगत जातात.